पाणीपुरवठा आणि सांडपाण्यासाठी ग्रामपंचायतीने कर्ज काढावे काय? अनुदानाचे मार्ग व त्यांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले गाव काटोल तालुक्यात असून लोकसंख्या सुमारे तीन हजार आणि घरे सहाशे आहेत. जुन्या नळयोजनेची विहीर एप्रिलपासून साथ देत नाही आणि सांडपाणी रस्त्यावरून वाहते. अमेरिकेत लहान गावांना पाणी व सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी सरकार 40 वर्षांच्या मुदतीचे कर्ज आणि सोबत अनुदान देते, असे आपल्या वाचनात आले. तसे काही आपल्याकडे आहे काय, ग्रामपंचायतीने कर्ज काढावे काय, आणि अनुदान नेमके कोणत्या दारातून मिळते, हे आपण विचारले आहे. नागपूर जिल्ह्यात ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेला अभियंता म्हणून मी याचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण या विषयात अर्धवट माहितीवर घेतलेला ठराव गावाला पुढे अनेक वर्षे जाचतो.

आपण वाचलेली अमेरिकन योजना खरी आहे. तेथील कृषी खात्याचा ग्रामीण विकास विभाग ती चालवतो. दहा हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीची गावे, आदिवासी जमातींच्या वसाहती आणि ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या पाणी संस्था यांना तिचा लाभ मिळतो. कर्जाची मुदत जास्तीत जास्त 40 वर्षे, किंवा बांधलेल्या व्यवस्थेचे उपयुक्त आयुष्य त्याहून कमी असेल तर तेवढी. व्याजाचा दर गावातील कुटुंबांच्या मध्यम उत्पन्नावर ठरतो आणि अनुदान सर्वांना सरसकट मिळत नाही. उत्पन्न फार कमी असलेल्या आणि आरोग्याच्या दृष्टीने काम निकडीचे असलेल्या गावाला खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, तर त्याच्या वरच्या पायरीवरील गावाला 45 टक्क्यांपर्यंत अनुदान देता येते. दुसरीकडून परवडणाऱ्या अटींवर कर्ज मिळत नाही, हेही अर्जदाराला दाखवावे लागते.

या योजनेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र व्याजदर किंवा मुदत हा नाही. कर्ज मंजूर होण्यापूर्वीच गावाला पाणीपट्टीचा दर ठरवावा लागतो, आणि त्या दरातून वीज, नोकर, दुरुस्ती व कर्जाचा हप्ता हे सारे भागते की नाही, हे कागदावर सिद्ध करावे लागते. शिवाय दरवर्षी हप्त्याच्या साधारण दहा टक्के रक्कम राखीव खात्यात टाकून एका वर्षाच्या हप्त्याइतकी शिल्लक उभी करावी लागते, आणि पंपासारख्या लवकर झिजणाऱ्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद ठेवावी लागते. म्हणजे योजना कशी चालणार, याचा हिशेब बांधकामाच्या आधी होतो. आपल्याकडे बांधकामाचा पैसा बहुतांशी अनुदानातून येतो, म्हणून हा हिशेब कोणी मागत नाही आणि बहुतेक गावे तो करीत नाहीत. योजना बंद पडण्याचे मूळ मला बहुतेक वेळा येथेच आढळले आहे.

आता आपल्याकडील स्थिती. ग्रामपंचायतीला स्वतःच्या नावावर बँकेत जाऊन कर्ज काढण्याची मोकळीक नाही. स्थानिक संस्थांच्या कर्जांवर 1914 च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाचे बंधन असून शासनाच्या मान्यतेशिवाय ती वाट चालता येत नाही. नाबार्डचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी 1995-96 पासून आहे आणि ग्रामीण पेयजल त्यात बसते, परंतु ते कर्ज राज्य शासन घेते व राज्य शासनच फेडते. ग्रामपंचायतीच्या हाती त्यातून आलेले काम पडते, कर्जाचा बोजा पडत नाही. ग्रामपंचायतीला थेट मिळू शकणारे कर्ज म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 133 खालील जिल्हा ग्रामविकास निधीचे. ग्रामपंचायतींच्या वर्गणीतून हा निधी उभा राहतो आणि जिल्हा परिषद त्यातून त्यांनाच कर्ज देते. त्याची विचारपूस जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागात करावी.

कर्ज काढावे काय, याचे उत्तर आकड्यांतूनच द्यावे लागेल. समजा 50 लाख रुपयांचे कर्ज आहे आणि व्याज द.सा.द.शे. पाच धरले. मुदत 40 वर्षे असेल तर वार्षिक हप्ता सुमारे 2 लाख 91 हजार येतो, म्हणजे सहाशे घरांवर दरमहा सुमारे 40 रुपये. हेच कर्ज दहा वर्षांत फेडायचे झाले तर हप्ता सुमारे 6 लाख 48 हजार होतो आणि घरामागे दरमहा 90 रुपये पडतात. अमेरिकन गावाला कर्ज झेपते ते या लांब मुदतीमुळे, आणि तशी मुदत आपल्या ग्रामपंचायतीला कोणी देत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुख्य बांधकामासाठी कर्जाचा विचार करू नये. जिल्हा ग्रामविकास निधीचे छोटे कर्ज ज्या कामाने खर्च थेट घटतो किंवा उत्पन्न वाढते, अशाच कामासाठी घ्यावे. जुना वीज खाणारा पंप बदलणे किंवा नळांना मीटर बसवणे ही त्याची योग्य उदाहरणे होत.

मुख्य बांधकामासाठीचा मार्ग जल जीवन मिशनचा आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या या मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज किमान 55 लिटर, भारतीय मानक 10500 प्रमाणे शुद्ध पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. मूळ मुदत 2024 ची होती. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रासाठी केंद्र व राज्याचा वाटा निम्मा-निम्मा आहे. गावाअंतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी अपेक्षित असते. डोंगराळ व वनक्षेत्रातील तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ती पाच टक्के आहे. वर्गणी रोखीने, वस्तुरूपाने किंवा श्रमदानाने देता येते. गावाअंतर्गत कामे एक कोटी वीस लाखांची असतील तर दहा टक्क्यांचे बारा लाख होतात, म्हणजे घरामागे दोन हजार. हा आकडा ग्रामसभेत आधीच उघडपणे सांगावा. ठेकेदार परस्पर भरेल, असे कोणी सुचवले तर ते मान्य करू नये, कारण ज्या योजनेत गावाचा पैसा नाही, तिच्या कामावर गावाची नजरही राहत नाही. राज्यात पूर्वी राबवलेल्या जलस्वराज्य या ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पातही दहा टक्के, आणि आदिवासींसाठी पाच टक्के, वर्गणीचीच अट होती. ज्या गावांनी ती खरोखर घरोघर फिरून गोळा केली, तेथे नळाच्या खोदाईची खोलीसुद्धा लोक टेप लावून मोजत असत.

आपल्या गावाचे नाव मिशनच्या यादीत कोणत्या टप्प्यावर आहे, हे पहिल्यांदा पाहावे. आराखड्यात योजना मंजूर होऊन काम अर्धवट राहिले असेल, तर नवीन प्रस्तावाला काही अर्थ नाही. सुधारित अंदाजपत्रक आणि उर्वरित कामाची यादी घेऊन जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडेच पाठपुरावा करावा लागतो. राज्यभर ठेकेदारांची देयके थकल्यामुळे अनेक कामे रेंगाळली, हे आपण जाणताच. अशा वेळी मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले काम आणि जागेवरचे काम यांची पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने स्वतः पडताळणी करून ठेवावी, म्हणजे निधी आल्यावर वाद उरत नाही. ही समिती कागदावरची नको. तिच्यात निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि पाणी किती वाजता येते, कोणत्या गल्लीत येत नाही, हे त्यांच्याइतके अचूक कोणालाच ठाऊक नसते.

उद्भवाचा, म्हणजे पाणी जिथून घ्यायचे त्या विहीर-बोअरवेलचा, प्रश्न पैशाच्या आधीचा आहे, म्हणून येथे थोडा थांबतो. काटोल-नरखेडचा पट्टा संत्र्याचा. बागांसाठी बोअरवेल खोल खोल जात राहिल्या आणि काळ्या पाषाणातील पाण्याची पातळी उतरत गेली. अशा ठिकाणी जुन्याच विहिरीच्या भरवशावर नवी टाकी आणि नवी वाहिनी टाकली, तर पुढच्या मे महिन्यात नवे नळही कोरडेच राहतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून उद्भवाचा दाखला घ्यावा आणि विहिरीत किती वेगाने किती पाणी येते ही आवक चाचणी उन्हाळ्यातच, एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात घेतलेली चाचणी आपल्या भागात दिशाभूल करते. त्याच वेळी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन नायट्रेट व फ्लोराइड पाहून घ्यावे. बागायती पट्ट्यात नायट्रेटकडे विशेष लक्ष हवे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर 1993 च्या भूजल कायद्याने निर्बंध आणला होता आणि 2009 च्या कायद्यानेही सार्वजनिक उद्भवाचे संरक्षण कायम ठेवले आहे. या कायद्याचा आधार फार थोड्या ग्रामपंचायती घेतात. विहिरीचा उद्भव खरोखरच अपुरा ठरला, तर धरणावरून येणाऱ्या प्रादेशिक योजनेत सामील होण्याचा पर्याय उरतो, पण तेथे पाण्याचे बिल बाहेरच्या यंत्रणेला द्यावे लागते, हे पाणीपट्टी ठरवताना ध्यानात ठेवावे. गावठाणापासून दूर असलेल्या लहान वस्तीसाठी मुख्य वाहिनी ताणण्यापेक्षा बोअरवेलवरील सौर दुहेरी पंप, म्हणजे एकाच बोअरवर हातपंप व सौर पंप, स्वस्त पडतो.

आता सांडपाणी व घनकचरा. नळ आले की सांडपाणी वाढते. तीन हजार लोकांना 55 लिटरप्रमाणे दररोज 1 लाख 65 हजार लिटर पाणी लागेल आणि त्यातील साधारण 70 टक्के, म्हणजे सुमारे 1 लाख 15 हजार लिटर, मोरी-न्हाणीतून बाहेर पडेल. त्याच्या व्यवस्थेसाठी स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्याचे निकष असे आहेत: पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी दरडोई 280 रुपयांपर्यंत आणि घनकचऱ्यासाठी दरडोई 60 रुपयांपर्यंत, पाच हजारांवरील गावांना अनुक्रमे 660 व 45. आपल्या गावाला याप्रमाणे 8 लाख 40 हजार आणि 1 लाख 80 हजार, एकूण 10 लाख 20 हजार रुपयांची मर्यादा येते. त्यातील 70 टक्के, म्हणजे 7 लाख 14 हजार मिशनचे, आणि 30 टक्के, म्हणजे 3 लाख 6 हजार ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. प्रस्ताव अडतो तो याच ठिकाणी. हे 3 लाख 6 हजार ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीच धरलेले नसतील, तर मिशनचे 7 लाख गावाच्या नावावर असूनही खर्ची पडत नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून, ठेवली होती: 30 टक्के पेयजल, पर्जन्यसंचय व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि 30 टक्के स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ येतो; म्हणून आराखडा करताना जुन्या टक्केवारीवर विसंबू नये, त्या वर्षी लागू असलेला शासन निर्णय समोर ठेवावा. शिल्लक बंधित रक्कम किती पडून आहे, हे ई-ग्रामस्वराज प्रणालीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत बसून पाहावे. पुष्कळ गावांत ती रक्कम लाखांत असते आणि गाव मात्र नव्या अनुदानासाठी नागपूरच्या चकरा मारीत असते.

सांडपाण्याचे काम निवडताना माझा आग्रह घरोघरच्या शोषखड्ड्यांचा आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने हे करून दाखवले आणि तो प्रयोग पुढे राज्यभर गेला. मात्र तुमच्याकडे काळी माती आहे आणि ती पाणी धरून ठेवते, मुरू देत नाही. खड्डा काळ्या थरातच संपला तर दोन पावसाळ्यांत तुंबतो. तो खालच्या मुरमापर्यंत नेलाच पाहिजे, आणि खड्ड्याआधी साबण व राख अडवणारी छोटी टाकी हवी. पिण्याच्या विहिरीजवळ शोषखड्डे घेऊ नयेत. खडक वर आलेल्या किंवा दाटीच्या वस्तीत हे जमत नाही. तेथील पाणी बंद गटारातून गावाबाहेर नेऊन स्थिरीकरण तळे, म्हणजे सांडपाणी साठवून आपोआप शुद्ध होऊ देणारे तळे, करावे, किंवा नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीने, म्हणजे खडी व पाणवनस्पतींच्या वाफ्यातून, ते शुद्ध करावे. त्यासाठी उताराच्या बाजूला ग्रामपंचायतीची जागा लागते, म्हणून जागेच्या मालकीचा उतारा प्रस्तावासोबत आधी जोडा. सिमेंटच्या उघड्या नाल्या बांधून पाणी ओढ्यात सोडणे हे या निधीचे प्रयोजन नव्हे. ते काम लवकर दिसते आणि लोकांना आवडते, पण ओढ्याखालच्या गावाच्या विहिरीत तेच पाणी उतरते.

याखेरीज काही दारे आहेत. आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांसाठी समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना आहे, आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी आहेच. सावनेर, पारशिवनी, उमरेड, कामठी, रामटेक या तालुक्यांतील वाचकांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अवश्य लक्ष द्यावे. कोळसा व मँगनीजच्या खाणींमुळे त्यात मोठी रक्कम जमा होते. 2015 च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनुसार किमान 60 टक्के निधी पेयजल, आरोग्य, स्वच्छता, पर्यावरण, शिक्षण अशा उच्च प्राथमिकतेच्या कामांवर खर्च व्हावा, अशी तरतूद होती. खाणीमुळे ज्या गावाच्या विहिरी आटल्या, त्या गावाचा या निधीवर पहिला हक्क आहे, असे मी मनापासून मानतो. बाधित गावांच्या यादीत आपले नाव आहे की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयात तपासावे. काटोलसारख्या संत्र्याच्या पट्ट्यातील गावाने या दारावर फार भिस्त ठेवू नये.

आता ज्या हिशेबाचा मी वर उल्लेख केला, तो आपल्याच गावासाठी मांडतो. गळती धरून दररोज दोन लाख लिटर पाणी एकूण 80 मीटर उंचीवर चढवायचे आणि पंपसंचाची एकत्रित कार्यक्षमता 50 टक्के धरायची, तर दररोज सुमारे 87 युनिट, महिन्याला सुमारे 2,600 युनिट वीज लागते. युनिटला सात रुपये धरल्यास 18 हजार रुपये. जलसुरक्षक व पंपचालकाचे मानधन 9 हजार, टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी) पावडर व पाणी तपासणी दीड हजार, दुरुस्ती 5 हजार, आणि पंप-मोटार बदलण्यासाठी राखीव 6 हजार. महिन्याचा खर्च 39,500 रुपये झाला. सहाशे घरांत तो 66 रुपये पडतो. पण वसुली 80 टक्केच होईल असे धरले, तर दर 82 रुपयांच्या आसपास ठेवावा लागेल. हेच गाव जर 50 रुपये दर ठेवील, तर मागणी 30 हजार, वसुली 24 हजार आणि दरमहा 15,500 रुपयांची तूट येईल. वर्षाला ती 1 लाख 86 हजार होते. ती वीजबिलात साचते आणि एक दिवस महावितरणचे पत्र येते. आपल्याकडील वीजदर, उंची आणि मानधन वेगळे असेल; आपले आकडे घालून हीच मांडणी करावी.

या तुटीचा उपाय फार अवघड नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली ग्रामपंचायतीला सामान्य व विशेष पाणीपट्टी बसवण्याचा अधिकार आहे आणि थकबाकीच्या वसुलीसाठी कलम 129 आहे. नमुना 9 ची मागणी नोंदवही अद्ययावत नसेल तर वसुली शक्यच होत नाही, म्हणून सुरुवात तेथून करावी. पाणीपुरवठ्याचे बँक खाते स्वतंत्र ठेवावे आणि त्यातून दुसरा कोणताही खर्च करू नये. दर महिन्याला वसुली, वीजबिल व शिल्लक हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. वर्षाला एकदम हजार रुपये मागण्यापेक्षा संत्र्याचा बहार किंवा कापूस-सोयाबीन विकले जाण्याच्या वेळेला धरून दोन हप्त्यांत मागितले, तर लोक देतात. निराधार व विधवा महिलांच्या घरांना सवलत द्यायची झाल्यास ती ग्रामसभेत ठरवून नोंदवावी. पंपाचा खर्च कमी करण्यासाठी सौरऊर्जेचा विचारही करावा, कारण वीजबिल हाच या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा आहे.

कामांचा क्रम असा ठेवावा. या उन्हाळ्यात आवक चाचणी व पाण्याची तपासणी करून घ्यावी, त्याचवेळी समितीने घरोघर फिरून नळ, शौचालय, न्हाणी आणि शोषखड्ड्याची जागा यांची यादी करावी. पावसाळ्यात जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांकडून अंदाजपत्रक घेऊन महिला ग्रामसभा व ग्रामसभेसमोर ठेवावे. 2 ऑक्टोबरपासून पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची प्रक्रिया सुरू होते; त्यात पाण्यासाठीची रक्कम आणि सांडपाण्याचा 30 टक्के हिस्सा या दोन्ही बाबी आपापल्या शीर्षाखाली धरलेल्या असाव्यात. ठराव लिहिताना केवळ ‘योजनेस मान्यता देण्यात येत आहे’ एवढेच न लिहिता घरामागे लोकवर्गणी किती, दरमहा पाणीपट्टी किती, ती कोणत्या तारखेपासून लागू होईल आणि राखीव खात्यात दरमहा किती रक्कम जाईल, हे चारही आकडे इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. ठरावाची प्रत ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपविभागीय कार्यालयात देऊन तिची पोच आपल्या दप्तरी लावावी.